गोल घेराच्या स्कर्टची आणि हॅलोविनच्या झग्याची खालची कड वारंवार लोंबते, त्याची कारणे आणि उपाय

तक्रार नेहमी एकाच स्वरूपाची असते. जुन्या धाटणीचा गोल घेराचा स्कर्ट शिवून झाला, इस्त्री झाली, टेबलावर पसरून पाहिला तेव्हा खालची कड सर्वत्र सारखी होती. हँगरवर एक-दोन दिवस राहिल्यानंतर तो अंगात घातला, की घेर काही ठिकाणी खाली उतरलेला आणि मधल्या जागी वर उचललेला दिसतो. कड उसवून, उतरलेला भाग कापून पुन्हा शिवली, तरी पुढच्या स्कर्टमध्ये तोच दोष ठरल्याप्रमाणे येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात विशेष जाणवते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बंगळूर-पुण्याला असलेल्या मुलामुलींना ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी काळा झगा किंवा भोपळ्या-वटवाघळांच्या छापाचा, १९५० च्या दशकातील वळणाचा फ्रॉक हवा असतो, आणि तो दिवाळीच्या शिवणाच्या गर्दीतच घरच्या मशीनवर घाईने उरकला जातो.

बहुतेक जण याचा दोष मशीनला किंवा आपल्या कात्रीला देतात. माझ्या मते दहातल्या आठ वेळा दोष कामाच्या क्रमात असतो. कड शिवण्याची वेळ येण्यापूर्वीच ती शिवली गेलेली असते.

ही घाई कुठून येते, हे समजणे कठीण नाही. आपल्याकडे घरोघरी शिवणकामाची सुरुवात परकरापासून होते. परकर म्हणजे सरळ कापडाची लांबी, वर नेफा, नेफ्यात नाडी आणि कमरेशी चुण्या. त्यात वरून खाली लोंबणारे धागे सगळीकडे एकाच जातीचे असतात, एकतर सगळे उभे, नाहीतर काठ खाली घेतला असेल तर सगळे आडवे. वजन सर्वत्र सारखेच पेलले जात असल्याने परकराची खालची पट्टी अगदी पहिल्यांदा शिवून टाकली तरी बिघडत नाही, आणि तसे करणेच सोयीचे असते. हीच सवय गोल स्कर्टला लावली की तो फसतो.

गोल कापलेल्या कापडात धाग्यांची दिशा जागोजागी बदलते. पूर्ण वर्तुळाच्या स्कर्टमध्ये दोन ठिकाणी उभे धागे, दोन ठिकाणी आडवे धागे आणि त्यांच्या बरोबर मध्ये, चार ठिकाणी, कापड ४५ अंशांत तिरके, म्हणजे क्रॉसवर लोंबते. उभ्या किंवा आडव्या दिशेने वजन पडले तर ते प्रत्यक्ष धाग्यावर येते, आणि धागा फारसा लांबत नाही. तिरक्या दिशेने वजन पडले, की दोन धाग्यांमधले छोटे छोटे चौकोन पतंगासारखे ओढले जातात, त्यामुळे कापड लांबते आणि त्याच वेळी थोडे अरुंद होते. घट्ट विणीच्या पॉपलिनमध्ये हे लांबणे जेमतेम अर्धा इंच असेल. रेयॉन, क्रेप, जॉर्जेट अशा सैल, सळसळीत कापडात ते दोन इंचांच्याही पुढे जाऊ शकते. मादलेन व्हिओने हिने १९२० आणि १९३० च्या दशकांत पॅरिसमध्ये अंगावर चपखल पडणारे पोशाख कापडाच्या याच गुणावर उभे केले. म्हणजे जी गोष्ट आपण दोष म्हणून पाहतो, तिच्यामुळेच घेर इतका सुंदर पडतो. ती थांबवता येत नाही, पण कड शिवण्याआधी ती होऊन जाईल एवढी व्यवस्था नक्की करता येते.

आधी निदान

कड उसवण्यापूर्वी स्कर्ट घालून आरशासमोर उभे राहावे आणि कापड नेमके कुठे उतरले आहे ते पाहावे, कारण जागेवरून कारण ओळखता येते. पूर्ण वर्तुळाचा स्कर्ट चार ठिकाणी साधारण सारखा उतरला असेल, म्हणजे पुढचा मध्य, मागचा मध्य आणि दोन्ही बाजू वर राहून त्यांच्या मधले भाग खाली आले असतील, तर ते तिरक्या कापडाचे लांबणे होय. अर्धवर्तुळाच्या स्कर्टमध्ये, पाठीमागे एकच जोड असेल तर, हेच लांबणे बरोबर दोन्ही बाजूंना दिसते, कारण तेथे कापडातील ४५ अंश शरीराच्या कुशीवर येतात. ड्रॅक्युलाच्या वळणाचा काळा झगाही बहुधा अर्धवर्तुळातच कापला जातो. त्याची पाठ जागच्या जागी राहते आणि दोन्ही हातांच्या बाजूने तो खाली उतरतो.

पुढची बाजू उचललेली आणि मागची खाली, किंवा एकच बाजू खाली, असे असेल तर कापडाकडे बोट दाखवू नये. पोट, नितंब, उभे राहण्याची ढब यांमुळे तसे होते आणि त्याचे मोजमाप अंगावरच घ्यावे लागते. कड जमिनीपासून सर्वत्र सारखी आहे पण झालरीसारखी लाटा मारते, तर शिवताना ती ओढली गेली आहे. प्रेशर फूटचा दाब कमी करावा आणि कापड मागून ओढू नये, एवढे सहसा पुरते. पहिल्या धुण्यानंतरच दोष आला असेल तर कापड आटले आहे. मागावर उभे धागे ताणलेले असतात, म्हणून सुती कापड बहुधा उभ्या दिशेने अधिक आटते, आणि गोल स्कर्टमध्ये तेवढे दोनच भाग वर चढतात. इचलकरंजीकडचे सुती कापड असो वा खडेबाजारातून आणलेले छापील कॉटन, कापण्यापूर्वी ते भिजवून, सावलीत वाळवून, उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करून घ्यावे.

राहिले एक कारण, जे सर्वांत जास्त वेळा चुकवले जाते: कंबर. संपूर्ण स्कर्ट एका बाजूला घसरत असेल आणि बेल्ट लावल्यावर कड सरळ होत असेल, तर कडेला हात लावू नये.

कमरेचा हिशेब

पूर्ण वर्तुळासाठी कमरेच्या मापाला ६.२८ ने भागले की त्रिज्या मिळते. कंबर २८ इंच असेल तर त्रिज्या साधारण साडेचार इंच येते. येथपर्यंत सगळे बरोबर करतात. पुढे मात्र साडेचार इंचांवरच कात्री चालवली जाते, आणि पट्टी जोडताना अर्धा इंच शिलाईत जातो. शिलाईची रेषा आता पाच इंच त्रिज्येवर आली, म्हणजे कंबर सुमारे ३१.४ इंच झाली. साडेतीन इंचांच्या आसपास जादा कापड कमरेत येते, ते कसेतरी चुण्यांत दाबले जाते किंवा स्कर्ट सैल राहतो. म्हणून अर्धा इंच शिलाई धरली असेल तर गोल चार इंचांवर कापावा. छोटा वाटला तरी चालेल. गोल मोठा करता येतो, लहान करता येत नाही.

कापल्यानंतरही हा गोल स्वस्थ बसत नाही. त्याच्या चार जागा तिरक्या असल्याने नुसते उचलण्या-ठेवण्यात तो ताणला जातो, विशेषतः खाली पाच मीटरच्या आसपास घेर लोंबत असताना. कात्री खाली ठेवल्याबरोबर, इतर कोणतेही काम करण्याआधी, शिलाईच्या रेषेच्या किंचित आत एकेरी टीप मारून घ्यावी. पट्टी जोडताना जुन्या सुती साडीच्या काठाची अरुंद, न ताणणारी पट्टी कमरेच्या नेमक्या मापाने कापून आत घालावी. आपल्याकडे अशा साड्यांना तोटा नाही, आणि बाजारच्या कोणत्याही फितीपेक्षा तो काठ अधिक पातळ बसतो.

लोंबत ठेवणे

आता मुख्य उपाय. स्कर्टचे सर्व जोड, चेन, कमरपट्टी पूर्ण करावी. खालची कड मात्र कच्चीच ठेवावी आणि स्कर्ट लोंबत ठेवावा. घट्ट कापडाला एक पूर्ण दिवस-रात्र पुरते. रेयॉन, क्रेप आणि वजनदार साटिनला दोन-तीन दिवस द्यावेत. पावसाळा लांबला असेल तर मी एक दिवस आणखी देईन, कारण रेयॉन ओलाव्याने मऊ पडते आणि दमट हवेत, जशी खानापूरच्या बाजूला ऑक्टोबरमध्येही असते, ते हळूहळू उतरत राहते.

कसे टांगावे, यालाही महत्त्व आहे. दोन टोकांना दोन चिमटे लावून स्कर्ट सपाट टांगला तर मधला भाग झोळीसारखा ओढला जाऊन आणखी चुकीचा आकार पक्का होतो. कंबर गोल राहिली पाहिजे. पुतळा असेल तर प्रश्नच मिटला; नसेल तर लोडाभोवती टॉवेल गुंडाळून तो कमरेच्या मापाचा करावा, उंच स्टुलावर उभा बांधावा आणि स्कर्ट त्याच्यावर चेन लावून चढवावा. झगा टांगताना गळ्याची पट्टी रुंद, खांद्याचा आकार असलेल्या हँगरवर पिनांनी सर्वत्र टाचावी. खालच्या कडेला कपड्यांचे चिमटे वजन म्हणून लावण्याची युक्ती काही जण सांगतात. ती मला पसंत नाही, कारण ते वजन प्रत्यक्ष वापरात तेथे नसते आणि कापड गरजेपेक्षा अधिक ताणले जाते.

त्यानंतर जमिनीपासून माप. स्कर्ट ज्याच्यासाठी आहे त्यानेच तो घालावा. आतला कॅनकॅनचा परकर आणि त्या दिवशीची पादत्राणेसुद्धा घालावीत, कारण फुगलेल्या नेटमुळे कड इंच-दीड इंच सहज वर उचलली जाते. घालणाऱ्याने स्थिर उभे राहावे, हात सैल सोडावेत आणि मान खाली घालून पाहू नये. मोजणाऱ्याने लाकडी पट्टी जमिनीवर उभी धरून भोवती फिरावे आणि दर तीन-चार इंचांवर टाचणी लावावी. एकट्याने करायचे असेल तर दाराच्या चौकटीत ठरलेल्या उंचीवर आडवी दोरी ताणून तिला खडू चोळावा आणि दोरीला स्पर्श होईल असे उभे राहून सावकाश गोल फिरावे. काळ्या कापडावर पांढऱ्या खडूची खूण स्पष्ट उमटते, एवढा हॅलोविनच्या रंगाचा फायदा. खुणा जोडून एकसंध वळण काढावे, टाचण्यांच्या वरखाली नाचणाऱ्या रेषेवर कात्री चालवू नये.

कड किती दुमडावी

येथेही परकराची सवय आड येते. रुंद पट्टी दुमडली की कपडा भारदस्त दिसतो, हे सरळ कापडाला खरे आहे. पूर्ण वर्तुळात मात्र कड वर दुमडताना बाहेरचा मोठा गोल आतल्या लहान गोलावर बसवावा लागतो. एक इंच दुमडली तर सुमारे साडेबारा इंच जादा कापड जिरवावे लागते, स्कर्ट लांब असो वा आखूड. पाव इंच दुमडली तर तोच फरक तीन इंचांच्या थोडा वर राहतो आणि पाच मीटरच्या घेरात तो सहज सामावतो. म्हणून गोल घेराला पाव इंचाची बारीक दुमड किंवा क्रॉस पट्टी लावून आत वळवलेली कड हेच योग्य. दुमडण्यापूर्वी कडेपासून पाव इंचावर एक टीप मारून घ्यावी, दुमड त्या टिपेवर मोडावी आणि इस्त्री वरून दाबत न्यावी, घासत नेऊ नये. दुमडीला दोरीसारखा पीळ पडत असेल तर वरचा आणि खालचा थर एकमेकांवरून सरकले आहेत. तेवढ्या भागाला आधी हाताने धावदोरा घालावा. साटिनला ११ नंबरची बारीक, नवी सुई लावावी. जुन्या सुईने धागे ओढले जातात आणि काळ्या साटिनवर ते लपत नाही. इस्त्री उलट बाजूनेच करावी, सुलट बाजूला चकाकीचे डाग पडतात.

कापणी बदलून दोष टाळणे

ज्यांना हा सगळा खटाटोप दरवर्षी नको आहे, त्यांनी एकसंध वर्तुळाऐवजी आठ कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा आठ तुकड्यांचा, घेर कापावा. प्रत्येक कळीच्या मध्यावर उभा धागा ठेवला, तर पूर्ण वर्तुळातही कळीच्या दोन्ही कडा उभ्या धाग्यापासून फक्त साडेबावीस अंश कलतात, आणि खरे तिरके कापड स्कर्टमध्ये कुठेच उरत नाही. थोडे उतरले तरी आठही जोडांवर सारखे उतरते आणि ते डोळ्यांना जाणवत नाही. जोड खालून वर, रुंद टोकाकडून अरुंद टोकाकडे शिवावेत, म्हणजे कलत्या कडा ताणल्या जात नाहीत.

आपल्या भागात या कापणीचे आणखी दोन लाभ आहेत. गुळेदगुड्डच्या खणाचा पन्हा मुळात चोळीसाठीचा, म्हणून कमी असतो. अखंड गोल त्यातून निघतच नाही. २८ इंच कंबर आणि २६ इंच लांबी धरली तर आठातली प्रत्येक कळी खाली साधारण चोवीस इंच आणि वर साडेतीन इंच येते, शिलाई वेगळी, आणि ती त्या पन्ह्यात मावू शकते. खणाचा असा स्कर्ट आणि वर साधा काळा ब्लाऊज, ही जुन्या वळणाची जोडी हॅलोविननंतरही दिवाळीच्या फराळाला चालते. दुसरा लाभ छापाचा. भोपळे आणि वटवाघळे एकाच दिशेने छापलेली असतील, तर अखंड गोलात ती पुढे सरळ, कुशीवर आडवी आणि मागे चक्क उलटी दिसतात. कळ्यांमध्ये प्रत्येक भोपळा उभा राहतो, मात्र कळ्या उलटसुलट मांडून कापड वाचवता येत नाही, म्हणून एकदिशा छापासाठी कापड जास्त घ्यावे.

साध्या, दिशाहीन छापाचा अखंड दोन अर्धवर्तुळांचा स्कर्ट ४४ इंची पन्ह्यात बसतो. वरील मापांसाठी सुमारे सव्वातीन मीटर लागते. कड लोंबल्यावर कापावी लागणार आहे हे ध्यानात ठेवून साडेतीन मीटर घ्यावे. ख्रिस्तियान दिओरने १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये मांडलेल्या पेहरावापासून बारीक कमरेचा, कापड सढळ हाताने वापरणारा घेर पुन्हा रूढ झाला. युद्धकाळातील कापडाच्या टंचाईनंतर तो अनेकांना उधळपट्टी वाटला होता. सव्वातीन मीटरचा हिशेब ऐकून घरातील ज्येष्ठांना आजही तसेच वाटते.

तिसरा मार्ग फेल्टचा. ज्युली लिन शार्लो हिने १९४७ मध्ये नाताळच्या मेजवानीसाठी बनवलेला आणि पुढे, त्यावर लावल्या जाणाऱ्या पूडल कुत्र्याच्या आकृतीमुळे, पूडल स्कर्ट म्हणून प्रसिद्ध झालेला गोल स्कर्ट फेल्टचा होता, आणि ही निवड या समस्येच्या दृष्टीने अचूक ठरते. फेल्ट विणलेले नसते, त्यातील तंतू एकमेकांत दाबून बसवलेले असतात, म्हणून त्याला उभा-आडवा धागा नाही आणि तिरके लांबणेही नाही. कड उसवत नाही, त्यामुळे दुमडावी लागत नाही. त्याच्यावर कुत्र्याऐवजी काळे मांजर किंवा वटवाघूळ कापून लावले की हॅलोविनचा स्कर्ट एका संध्याकाळी तयार होतो. दोष एवढाच, की आपल्या ऑक्टोबरमधील दुपारच्या उकाड्यात तो नकोसा होतो आणि धुण्याला जपावे लागते.

शिवून झालेल्या कपड्याची दुरुस्ती

कड शिवून दोष दिसल्यानंतर ती पूर्ण उसवावी. फक्त उतरलेला भाग उसवून कापणे हेच दोष परत येण्याचे मोठे कारण आहे, कारण उरलेली शिवलेली कड कापडाला अडवून धरते आणि तेथील उतरणे पुढे ढकलले जाते. उसवून, वर सांगितल्याप्रमाणे लोंबत ठेवून, सर्वांत आखूड जागेची उंची प्रमाण धरून कापावे. स्कर्ट फार आखूड होत असेल तर काळ्या साटिनची किंवा मखमलीची क्रॉसवर कापलेली पट्टी खाली जोडावी. जुन्या धाटणीला ती शोभते. खाली लेस किंवा नक्षीची कड असेल आणि कात्री लावणे शक्य नसेल, तर उतरलेले भाग कमरपट्टीत वर सरकवता येतात. मात्र अर्ध्या इंचाच्या पुढे तसे करू नये, कारण वर सरकवलेल्या जागी गोल मोठा होतो आणि ते जादा कापड पट्टीत जिरवावे लागते.

वेळच उरला नसेल, तर झग्याच्या बाबतीत कड सरळ करण्याचा नाद सोडावा आणि ती वटवाघळाच्या पंखांसारख्या कमानींत कापावी. विणीच्या मखमलीसारख्या, धागे न सुटणाऱ्या ताणदार कापडात ती कच्ची ठेवली तरी चालते, आणि इंचभराचा फरक कमानींत लपून जातो. साटिनला हे करू नये, ते रात्र संपण्याआधीच उसवू लागते.

कार्यक्रम झाल्यावर स्कर्ट किंवा झगा वर्षभर हँगरवर ठेवू नये. तो धुऊन, पूर्ण वाळवून, सपाट घडी घालून कपाटात ठेवावा आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये बाहेर काढल्यावर पुन्हा एक रात्र लोंबवून मगच कडेचे माप पाहावे.